मागे जोडलेला डबा

आई, तुला आधी ट्रेलर म्हणजे काय ते सांगायला हवं. तुझ्या ओळखीचा ट्रेलर म्हणजे अकोल्याच्या ट्रक अड्ड्यावर उभा राहायचा तो, उघडा, लांबलचक, सळया नाहीतर सिमेंट वाहणारा. मी सांगते आहे तो वेगळा. चाकांवरची एक खोली समज. पत्र्याच्या भिंती, खिडक्यांना पडदे, आत पलंग, शेगडी, एका माणसाला कसंबसं वळता येईल एवढं न्हाणीघर. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. गाडीच्या मागे जोडायचा आणि ओढत न्यायचा. इथले लोक उन्हाळ्यात असं घर मागे बांधून तळ्याकाठी जाऊन राहतात. आम्हीही तसला एक घेतला होता, जुना आणि गळका. तू गेल्यानंतर दोनतीन वर्षांची गोष्ट आहे. तेव्हा तुला सांगायला जमलं नाही आणि नंतर ते माझ्या लोकांना सांगायच्या किश्श्यांत जाऊन बसलं. किस्सा म्हणून मी तो इतक्या वेळा सांगितला आहे की त्यातलं खरं काय ते एकदा नीट मांडून ठेवावंसं वाटतं, आणि तुझ्याशिवाय दुसरं कोण ऐकणार?

मुंबईच्या विमानतळावर तू सोडायला आली होतीस ते दोन हजार एक साल. माझ्या खांद्यावर तू शिवलेली ताडपत्रीची पिशवी होती, हिरवी, मेणाचा वास मारणारी, तोंडाशी पितळी रिंगा ठोकलेली. रांगेतल्या बाकी सगळ्यांच्या बॅगांना चाकं होती. मला लाज वाटली आणि ती तुला दिसली. ‘फाटणार नाही,’ एवढंच म्हणालीस. अमेरिकेत, नोव्हाय गावी उतरले तेव्हा बाहेर सगळं पांढरं होतं आणि अपार्टमेंटच्या खिडकीतून समोर दिसायची ती तशीच दुसरी अपार्टमेंट. नवरा सकाळी एकुलती एक गाडी घेऊन जायचा. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत त्याचं सॉफ्टवेअरचं काम होतं. मी दिवसभर घरात. तू एवढे कष्ट उपसून मला कॉम्प्युटर इंजिनियर केलंस, पण माझ्या व्हिसावर मी फक्त त्याची बायको होते, आणि त्या व्हिसावर नोकरी करायला मनाई होती. आमच्या कॉम्प्लेक्समधल्या माझ्यासारख्या बायका त्याला सोन्याचा पिंजरा म्हणायच्या. मला तो शब्द आवडायचा नाही. पिंजरा पटायचा, सोनं कुठे दिसत नव्हतं. तू फोनवर विचारायचीस, ‘दिवसभर करतं काय व तू?’ आणि मी काहीतरी खोटं सांगायचे. तुला इकडे ये म्हटलं की म्हणायचीस, ‘तिथं येऊन मी काय करू? तुह्या खिडकीत बसू?’

तू गेलीस तेव्हा तुझ्याकडे पहाट होती आणि माझ्याकडे संध्याकाळ. मी खिचडी टाकत होते. मुलगी नुकती चालायला लागली होती, माझ्या पायाला धरून उभी होती. मामांचा फोन आला. नवऱ्याने लगेच वकिलाला फोन लावला. वकील काही वाईट माणूस नव्हता, त्याने हळहळही व्यक्त केली. मग म्हणाला, पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला आहे, मुदतवाढीचा अर्ज अजून अडकला आहे, आत्ता बाहेर पडलात तर परत येता येईलच असं मी सांगू शकत नाही. नवऱ्याने फोनवर हात ठेवून मला विचारलं, ‘काय करायचं? तू सांग.’ मी शेगडी बंद करायला विसरले होते. विजेची शेगडी, तिचं वेटोळं लालबुंद होऊन राहतं, त्याच्याकडे बघत मी उभी राहिले. कोणीच कोणाला नको म्हणालं नाही, पण विमानाचं तिकीट काढलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मामांनी कळवलं, सगळं नीट झालं, काळजी करू नको. तुझं ताडपत्री शिवायचं दुकानही त्यांनीच आवरलं. शिवायची मशीन कोणाला दिली ते मी विचारलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी रोज पोळ्या करत होते, मुलीला न्हाऊ घालत होते, आणि बाहेर बर्फ पडत होता.

नवऱ्याचीही सुटका नव्हती, हे मला तेव्हा दिसत होतं पण मी ते बघत नव्हते. ग्रीन कार्डाची त्याची फाइल कंपनीने लावली होती. कंपनी बदलली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्याचा साहेब त्याला बढती न देता बढतीचं काम द्यायचा, कारण हा जाणार कुठे? लग्नाला, बारशाला, आजारपणाला नागपूरहून फोन यायचे आणि तो म्हणायचा, ‘बघतो, जमवतो.’ मग एका शुक्रवारी ऑफिसातून आला तो अंगात आल्यासारखा. त्याचा एक सहकारी नोकरी गेल्यामुळे कायमचा भारतात परत चालला होता आणि त्याची मोठी, दणकट गाडी याने घेऊन टाकली होती. ‘आपण ट्रेलर घेऊ,’ तो म्हणाला. ‘देशाबाहेर पडता येत नाही ना? मग देशात फिरू, यार. एवढा मोठा देश आहे.’ मी म्हटलं, ‘मला ह्या घरात कोंडल्यासारखं होतं म्हणून तू आणखी छोटं घर घेणार?’ तो हसला नाही. पेपरातली जाहिरात त्याने आधीच कापून ठेवली होती.

पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही उत्तरेला, मक्याच्या शेतांमधल्या एका घरी गेलो. घरमालकीण सत्तरीच्या पुढची, उंच, हातात बागेचे मोजे. ट्रेलर तिच्या नवऱ्याचा. तो दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि तेव्हापासून डबा गवतात उभा होता. माझा नवरा आनंदाने त्याच्याखाली शिरला. बाई माझ्याशेजारी उभी राहिली. मी आत गेले आणि दाराशी पाय ठेवला तर फरशीची फळी दबली, ओल्या भाकरीसारखी. मागच्या पलंगाच्या वर छताला पिवळा डाग होता. कुबट वास. मी बाहेर आले तर बाई म्हणाली, ‘गळतो. खोटं बोलून काय करू? त्याला मरेपर्यंत ती गळती सापडली नाही.’ मला तिचं ते बोलणं आवडलं. मग तिने चाकाच्या बाजूला बोट नेलं. वरची नक्षी नव्यासारखी, पण बाजूच्या रबराला बारीक भेगा. ‘हे टायर बदलेपर्यंत हायवेला जाऊ नका. शेतातल्या रस्त्यांनी जा, हळू.’ आणि मग, नवरा अजून खालीच होता म्हणून असेल, तिने मला तिच्या जुन्या ट्रकमध्ये बसवलं आणि स्टिअरिंगच्या खाली बसवलेली एक छोटी पेटी दाखवली. तिला बाजूला दाबायचा एक खटका. अशी पेटी आमच्या गाडीतही बसवलेली होती, नवऱ्याने मेकॅनिककडून बसवून घेतली होती, पण ती कशासाठी ते मी विचारलं नव्हतं.

‘तू चालवणार का हा?’ तिने विचारलं. मी नाही म्हटलं. ‘तरी ऐकून ठेव,’ ती म्हणाली. ‘वजन नेहमी पुढे ठेवायचं, जोडाच्या बाजूला. मागे जड झालं की हा शेपूट हलवायला लागतो. हलायला लागला की पायाने ब्रेक मारायचा नाही. सगळ्यांना तेच सुचतं आणि तेच चुकतं. पाय उचलायचा, स्टिअरिंगचं चाक सरळ धरायचं आणि हा खटका हाताने दाबायचा. मग नुसते मागच्या डब्याचे ब्रेक लागतात. मागचा पुढच्याला ओढून धरतो आणि सरळ होतो.’ एवढं सांगून ती मोज्यांनी डोळे पुसत बसली आणि मला काय करावं कळेना. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या अंगाला कोणी परकं माणूस लागूनही कित्येक महिने झाले असतील.

नवऱ्याने डबा घेतला. मी नको म्हटलं होतं, ते फार मोठ्याने म्हटलं नव्हतं. शेतातल्या रस्त्यांनी सगळी दुपार घालवत आम्ही परत आलो. मागे गाड्यांची रांग, आणि कोणी हॉर्न वाजवला की नवरा मान खाली घालायचा. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये तो उभा करायला परवानगी नव्हती. शहराच्या कडेला सत्तरच्या दशकात आलेले एक मराठी काका-काकू राहत होते, त्यांच्या गॅरेजमागे मोकळी जागा होती. काकूंनी डबा पाहिला आणि म्हणाल्या, ‘अगं बाई, हे काय घेऊन आलात? भंगार!’ पण जागा दिली, आणि त्या उन्हाळ्यात दर शनिवारी चहाही दिला.

त्या गळतीसाठी नवऱ्याने काय नाही केलं? इंटरनेटवर वाचून वाचून पिवळ्या डागाच्या बरोबर वर, छतावर, त्याने डिंकासारखा एक थर ओतला. पाऊस आला, डाग मोठा झाला. त्याने आणखी ओतला. तो खाली उतरून हात झटकत उभा राहिला तेव्हा मला हसू आलं, आणि आई, मला तुझं दुकान दिसलं. बारावीची परीक्षा झाल्यावरच्या सुट्टीत तू मला बसवलं होतंस. बाबा जाऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. दुकान विकून टाक असं सगळे सांगत होते आणि तू मशीनवर बसली होतीस. कापसाच्या गाठी वाहणाऱ्या एका ड्रायव्हरची ताडपत्री आली होती. मी ठिगळ लावलं, चांगलं घट्ट, आणि तू ते हातात घेतलंस, दोन्ही बाजूंनी पाहिलंस, आणि ब्लेडने उसवलंस, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. मी खालचा तुकडा वरच्यावर चढवला होता. पाणी वाहत आलं की सरळ शिवणीत शिरणार. ‘पाणी जिथून घुसते तिथून गयत नाही, पोरी,’ तू म्हणालीस. ‘ते वाट धुंडते. तू डाग पाहू नको, वाट पाह्य.’ मी रडले. तू समजूत घातली नाहीस. वर म्हणालीस, ‘त्या माणसाचं घर त्या गाठीईवर चालते.’ मला त्या दिवशी तुझा राग आला होता आणि मी ठरवलं होतं की ह्या दुकानातून, ह्या गावातून, ह्या वासातून मी बाहेर पडणार.

तर मी म्हटलं, ‘शिडी दे.’ नवरा म्हणाला, ‘पडशील.’ काकू गॅरेजच्या दारातून ओरडल्या, ‘अगं, तू कशाला चढतेस? त्याला चढू दे ना!’ मी चढले. मुलीला आधी आत, डागाखालच्या पलंगावर बसवलं आणि सांगितलं, पाणी दिसलं की हाक मार. बागेचा पाइप घेऊन मी खालून सुरुवात केली. आधी खिडक्यांच्या कडा, मग भिंतींचे सांधे, मग छताची कड, एकेक जागा, थांबत थांबत. मागच्या बाजूला काहीच झालं नाही. मग पुढच्या कोपऱ्यात एक छोटा नारिंगी दिवा होता, त्याच्या कडेवर पाणी सोडलं आणि उभी राहिले. बराच वेळ गेला. नवरा म्हणत होता, ‘इथे नसेल, हे तर अगदी दुसरं टोक आहे.’ आणि आतून आवाज आला, ‘मम्मी! इट्स रेनिंग ऑन माय बेड!’ पाणी पुढच्या दिव्यातून शिरून छताच्या आतल्या लाकडी पट्टीवरून सगळी लांबी चालत मागे जात होतं. मी छतावर बसून हसत होते. नवरा खालून बघत होता. मी हसताना दिसते कशी ते तो विसरला असावा असं मला त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

मग सगळा उन्हाळा कामाचा. दिवा काढला, भोवतीचं कुजलेलं लाकूड काढलं, नवं बसवलं. जुने डिंकाचे थर खरवडून काढले, छताच्या सांध्यांवर डांबर फासून रबरी पट्ट्या लावल्या, वरची खालचीवर चढवून. दाराजवळची फळी उचकटली तर खाली काळा भुगा. ती कापून बदलली. टायर नवे टाकले. काकांनी ब्रेकच्या तारा तपासायला मदत केली. हत्यारं तुझ्या हिरव्या पिशवीत राहायची आणि ती खरंच कुठे फाटली नाही. माझ्या नखांत डांबर गेलं होतं. नोकरी करायची मनाई होती, पण स्वतःच्या डब्याच्या छतावर चढायला कोणाची परवानगी लागत नव्हती. पण शनिवार संपला की पुन्हा तीच खिडकी. आणि त्याच महिन्यांत कंपनीतून एकेक माणूस कमी व्हायला लागला. रोज संध्याकाळी नवरा दारात आला की मी त्याच्या चेहऱ्याकडे आधी बघायचे, आणि तो ते ओळखून आधीच मान हलवायचा, अजून आहे.

ऑगस्टात आम्ही निघालो. उत्तरेला एका तळ्याकाठी चार दिवसांची जागा घेतली होती. सामान नवऱ्याने भरलं. उरलेल्या फळ्या, हत्यारं, सायकली, सगळं मागच्या बाजूला, कारण मागे जागा होती. पाण्याची टाकीही मागेच, पलंगाखाली, ती काठोकाठ भरली. मी म्हटलं, ‘ती बाई म्हणाली होती वजन पुढे ठेवा.’ तो म्हणाला, ‘बॅलन्स होतं, यार. पुढे गॅसच्या टाक्या आहेत ना.’ मला ते पटलं नाही, पण ऊन चढत होतं, मुलगी गाडीत कंटाळली होती. पहिला तासभर काही झालं नाही. तो गाणं गुणगुणत होता. मला आठवतं, मी मुलीला केळं सोलून देत होते. मग एक लांब उतार लागला आणि डाव्या बाजूने एक मोठा ट्रक आम्हाला मागे टाकून गेला. त्याचा वारा लागला आणि आमच्या गाडीची मागची बाजू कोणीतरी धरून हलकेच ओढावी तशी सरकली. एकदा इकडे. मग तिकडे. मी आरशात बघते तर डबा एकदा डावीकडे दिसतो, एकदा उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. गाडी आता नवऱ्याचं ऐकत नाही. तो डब्याच्या उलट चाक फिरवतो आणि डबा आणखी जोरात येतो. त्याचा पाय ब्रेकवर जातो. मागून ढकलल्यासारखं होतं, सगळी गाडी आडवी व्हायला लागते. मी ओरडते, ‘पाय काढ! पाय काढ!’ आणि माझा हात आपोआप पुढे जातो, त्याच्या गुडघ्यावरून, त्या खटक्यावर. मी दाबून धरते. काही क्षण काहीच नाही. मग मागून एक धक्का, जणू कोणी दोर आवळला, आणि डबा आमच्या मागे सरळ येऊन उभा राहिल्यासारखा झाला. मी खटका सोडला नाही. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली तरी सोडला नाही, त्याने माझी बोटं सोडवली.

मुलगी म्हणाली, ‘आय ड्रॉप्ड माय बनाना.’

आम्ही गवतात उतरलो. शेजारून गाड्या जात होत्या आणि प्रत्येक गाडीबरोबर जमीन हलत होती. मुलीला मी कडेवर घेतलं होतं, ती जड झाली होती तरी खाली ठेवत नव्हते. नवरा गवतावर बसला. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मग म्हणाला, ‘चल, परत जाऊ.’

‘नोव्हायला?’

‘नागपूरला. नाहीतर अकोल्याला. कुठेही. कायमचं.’ तो माझ्याकडे बघत नव्हता. ‘मला नको ती फाइल, नको ती नोकरी. हा डबा इथेच सोडू, गाडी विकू, पुढच्या महिन्यात आपण घरी. तू म्हणत होतीस ना, कोंडल्यासारखं होतं? संपलं. मी सोडतो सगळं. तू फक्त हो म्हण.’

आई, सहा वर्षं मी ह्या वाक्याची वाट पाहत होते. भांडी घासताना, कपड्यांच्या घड्या घालताना, फोनवर तुझ्याशी खोटं बोलताना. दार बंद आहे, आणि किल्ली त्याच्याकडे आहे, असं मी स्वतःला सांगत होते. आता तो रस्त्याच्या कडेला बसून दार उघडं धरत होता. मी म्हटलं, ‘नाही.’

‘का?’

‘आधी सामान पुढे हलवू,’ मी म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं नाही. मुलीला दूर, कुंपणापाशी, सावलीत बसवलं. मी पाण्याच्या टाकीचा नळ सोडला आणि सगळं पाणी गवतात जाऊ दिलं. फळ्या, हत्यारं, सायकली एकेक करून आत पुढच्या बाजूला आणल्या, चाकांच्याही पुढे. एक पोलीस थांबला. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला, आमचे कागद बरोबर होते तरी. पोलिसाने डब्याभोवती एक चक्कर मारली, जोड हलवून पाहिला, आम्ही काय करतोय ते पाहिलं आणि म्हणाला, ‘हेच करायला हवं होतं. आता पुढच्या फाट्याने उतरा आणि लहान रस्त्याने जा.’ जाताना मुलीला त्याने टोपीला हात लावून सलाम केला. मग मी ड्रायव्हरच्या बाजूने जाऊन बसले. नवरा दुसऱ्या बाजूला बसला. गाडी मला चालवता यायची, पण मी पूर्वी कधी तो डबा ओढला नव्हता. हळू, अगदी हळू, मी आम्हाला तळ्यापर्यंत नेलं. तिथे मला तो मागे घेता येईना. मी चाक एकीकडे फिरवायचे आणि डबा दुसरीकडे जायचा, आणि शेजारचे लोक खुर्च्यांत बसून बघत होते. नवरा मागे उभा राहून हातवारे करत होता, ‘माझ्याकडे, माझ्याकडे, अगं तिकडे नाही!’ शेवटी तो वाकडाच उभा राहिला आणि आम्ही तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोराचा पाऊस आला. तळं दिसेनासं झालं. आम्ही तिघं त्या पत्र्याच्या डब्यात, गुडघ्याला गुडघे लावून, आणि वर तो आवाज. तिघांनीही छताकडे बघत बसायचं, दुसरं काही नाही. एक थेंब आला नाही. नवरा म्हणाला, ‘गळत नाही.’ मी म्हटलं, ‘गळणार नाही.’ त्याने माझा हात हातात घेतला, डांबर अजून नखांत होतं. आमच्यात काही मिटलं असं नाही. पण त्या दिवसानंतर तो मला घरातल्या गोष्टी सांगण्याऐवजी विचारायला लागला. मीही त्याच्या चेहऱ्याकडे दारात बघण्याऐवजी त्याला आधी आत येऊ द्यायला लागले.

पुढच्या वर्षी, दोन हजार आठच्या शेवटी, त्याची नोकरी गेलीच. नोकरी नाही म्हणजे ह्या देशात राहायचं कारणच नाही, असे नियम. थोडे दिवस होते. ओळखीच्या ओळखीतून न्यू जर्सीत एडिसनजवळ एक नोकरी मिळाली, पगार कमी आणि ताबडतोब हजर व्हायचं. अपार्टमेंट आम्ही त्या डब्यात भरली, गाद्या, मिक्सर, मुलीचं टेबल, देवांचा डबा, जड ते सगळं पुढे. काकूंनी प्रवासाला धपाटे दिले आणि रडल्या. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत उतार लांब असतात. तिथे मीच चालवत होते, आणि नवरा शेजारी बसून खटक्याकडे बघत होता. एडिसनला डबा ठेवायला जागा नव्हती, पहिल्याच उन्हाळ्यात विकून टाकला. ग्रीन कार्ड पुढे आलं, खूप उशिरा. मला नोकरी मिळाली. मुलगी माझ्यासारखी इंजिनियर झाली नाही, नर्स झाली, तिला मराठी समजतं पण उत्तरं इंग्रजीत देते. तुझ्याबद्दल विचारते. मी तिला दुकान सांगते, ताडपत्री सांगते.

लोक विचारतात, तुम्ही परत का नाही गेलात? मी म्हणते, त्याची फाइल होती ना, अडकलो होतो. नवरा शेजारी बसलेला असतो आणि मान डोलावतो. एवढ्या वर्षांत त्याने एकदाही त्या गवताची आठवण काढली नाही. ते त्याचं मोठेपण आहे असं मला वाटतं. मी तेव्हा नाही का म्हटलं, ते तुला सांगायला म्हणून मी हे लिहायला बसले. मला वाटलं होतं लिहीन की अकोल्यात आता कोण होतं, दुकान बंद, तू नाहीस, कोणाकडे जायचं? अर्धं पत्र मी तेच मनात धरून लिहिलं. पण ते पुरतं खरं नाही. त्या गवतात उभं राहून, आणि ते सगळं पाणी सोडून दिल्यावर, तो डबा मला स्वतः पुढे न्यायचा होता. तू असतीस तरी मी हो म्हटलं असतं का, मला माहीत नाही. बहुतेक नसतं म्हटलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून बरं आहे, आई. टाकायचं असतं तर मी दोन वाक्यं आधीच थांबले असते.